भरलेल्या दाढेचं पुढे काय होतं? : सचिन तेंडुलकर यांना फलटणहून पत्र

मा. श्री. सचिन तेंडुलकर यांस,



३० मे २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘स्वच्छ मुख अभियाना’साठी तुमची स्माइल ॲम्बॅसेडर म्हणून नेमणूक केली. दात घासा, चूळ भरा, खाणं नीट ठेवा, सिगारेट-तंबाखूपासून लांब राहा आणि दातांच्या डॉक्टरकडे जा, असे त्या अभियानाचे साधे संदेश आहेत. त्यांतल्या एकाशीही माझं भांडण नाही. मी फलटणला दातांचा दवाखाना चालवते आणि हेच संदेश रोज ओरडून सांगते. तुम्ही सांगितले की लोक ऐकतात, मी सांगितले की ‘बरं मॅडम’ म्हणून बिलाकडे बघतात. म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

मला बोलायचं आहे ते शेवटच्या संदेशाच्या पुढचं. माणूस डॉक्टरकडे गेला, दाढ भरून आला. मग? आपल्याकडे गोष्ट तिथे संपते. शिबिराच्या अहवालात ‘भरलेल्या दाढा’ असा रकाना असतो, त्यात आकडा पडतो, फोटो निघतो. घरी आई निःश्वास टाकते. आणि दोन-तीन वर्षांनी तीच दाढ, तोच माणूस, त्याच खुर्चीत. “ही तर भरलेली हाय की, मग परत कशी काय किडली?” हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कुठलाही नाही. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं: आधीच्या डॉक्टरने सिमेंट हलकं वापरलं. आधीची डॉक्टर मीच असले तर तो प्रश्न जरा हळू आवाजात येतो, एवढाच फरक.

कधी कधी ते उत्तर बरोबरही असतं. पण बहुतेक वेळा दाढ भरली गेलेली असते आणि दाढेचा आजार चालूच राहिलेला असतो. ओल असलेल्या भिंतीला नवा गिलावा करावा आणि ओल कुठून येते ते बघूच नये, तसं हे आहे.

तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताच्या पृष्ठभागावर आम्लता वाढून पीएच साधारण साडेपाचाच्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते आम्ल धुते, कॅल्शियम-फॉस्फेट परत देते आणि फ्लोराइड असेल तर ही दुरुस्ती आणखी पक्की होते. दिवसभर हीच ओढाताण चालते. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून त्याचा आलेख काढला. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांत पीएच खाली जातो आणि वर यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. आता या तोंडात मी एक भराव बसवला. भराव म्हणजे दगड, त्याला कीड लागत नाही. पण भराव आणि दात यांच्यामध्ये एक कड असते. त्या कडेपाशी अन्न अडकतं, ब्रश नीट पोचत नाही, आणि आजूबाजूचा दात तोच असतो, जो आधी किडला होता. नवी कीड तिथेच बसते. सगळ्यात जास्त ती दोन दाढांच्या मध्ये, हिरडीजवळच्या खालच्या कडेला सापडते, कारण ती जागा माणसाला आरशात दिसत नाही आणि डॉक्टरला एक्स-रेशिवाय कळत नाही.

त्यात भरावाच्या प्रकारानेही फरक पडतो. जुन्या लोकांच्या तोंडात ‘चांदी’ असते, म्हणजे पारा आणि चांदी-कथलाची भुकटी मिसळून केलेलं अमाल्गम. ते दिसायला काळं, पण त्याचा एक गुण असा की वर्षं जातील तसा त्याचा गंज कडेच्या फटीत साचतो आणि फट आपोआप बुजते. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट प्रकाशाने घट्ट होताना किंचित आकसतं, दोन-तीन टक्के. भरताना थुंकी किंवा हिरडीचं रक्त लागलं की ते दाताला धरत नाही. पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या कासा पिया या संस्थेतल्या शाळकरी मुलांवर याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली छापून आले. सात वर्षांनी अमाल्गमचे ९४.४ टक्के भराव टिकले होते, कॉम्पोझिटचे ८५.५ टक्के. भरावाभोवती पुन्हा कीड लागण्याचा धोका कॉम्पोझिटमध्ये साडेतीन पट होता. एवढी काळजी घेऊन, एवढ्या देखरेखीखाली केलेल्या कामाची ही गत. बाहेर रुग्णांची रांग, मधूनच वीज जातेय, मूल रडतंय, अशा ठिकाणच्या भरावाचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

पण चांदी परत आणा असं मी म्हणणार नाही, तशी सोयही उरलेली नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता करारावर भारताने २०१४ मध्ये सही केली आणि २०१८ मध्ये तो मान्य केला. युरोपीय संघाने २०२५ च्या जानेवारीपासून अमाल्गम जवळपास बंदच केलं, आणि जगाने २०३४ पर्यंत ते थांबवायचं ठरवलं आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने हे योग्यच. फक्त याचा अर्थ असा की चुका पोटात घालणारा माल जाणार आणि चुका न सोसणारा माल येणार. आता भरावाच्या कडेवर लक्ष ठेवणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे, आणि ते ठेवणारी व्यवस्था मात्र आपल्याकडे नाही.

फलटणचं सांगायचं तर आमच्या तालुक्यात साखरेचं नाव घेतलेलं गावच आहे, साखरवाडी. तिथला कारखाना १९३० च्या दशकातला. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, उत्तरेकडची शिवारं उसाने भरली, पुढे सहकारी कारखाना झाला, खाजगी आले. थंडीत रस्त्याने जाल तर उसाने लादलेल्या ट्रॉल्यांमागे पोरं पळताना दिसतात आणि एखादं कांडकं ओढून दाताने सोलत बसतात. ऊस खाल्ल्याने दात किडतात का, असं मला विचारतात. जेवल्यावर एकदा खाल्लेल्या कांडक्याची मला फार भीती वाटत नाही. भीती वाटते ती चहाची. सकाळी उठल्याबरोबर, न्याहारीबरोबर, दहा वाजता, पाहुणा आला म्हणून, चार वाजता, आणि रानातून आल्यावर. प्रत्येक कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या खाली ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास. आमच्याकडे ही मर्यादा दुपारच्या आधीच संपते. पण दातांच्या दृष्टीने किती खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं यालाही महत्त्व आहे. सहा वेळा चहा म्हणजे सहा वेळा पीएच खाली. भरावाच्या कडेला दुरुस्तीला फुरसतच मिळत नाही.

हे ‘किती वेळा’चं गणित जगाला कळलं त्याची हकिगत लाज आणणारी आहे. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म येथे मतिमंद रुग्णांच्या संस्थेत १९४५ पासून पुढची काही वर्षं त्या लोकांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घालून त्यांचे दात किडतात का ते पाहिलं गेलं. दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड खाणं सगळ्यात घातक, हे तिथूनच ठरलं. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. आपण आज ते ज्ञान फुकट वापरतो. निदान वापरावं तरी.

इथे एक नाजूक गोष्ट तुमच्याशी थेट बोलते. तंबाखूची जाहिरात करायची नाही हा वडिलांना दिलेला शब्द तुम्ही पाळला, हे तुम्ही स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. प्रा. रमेश तेंडुलकरांबद्दल त्यामुळे या महाराष्ट्राला आदर वाटतो. पण पेप्सी आणि बूस्टच्या जाहिरातींतले तुम्हीही आमच्या पिढीला पाठ आहात. ताकद हवी म्हणून बूस्ट मागणारी मुलं आज चाळिशीला आली आहेत, आणि त्यांच्या दाढा मी भरते आहे. जुना हिशेब मला मागायचा नाही, तेव्हा कुणाच्याच ते ध्यानीमनी नव्हतं. सर्वसाधारण कोल्ड्रिंकच्या २५० मिलीत २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि वर ते मुळातच आंबट, म्हणजे जंतूंची वाटही न पाहता आम्ल. दातांच्या सदिच्छादूताने एकदा उघडपणे म्हणावं की तहान लागली तर पाणी प्या, आणि कोल्ड्रिंक घ्यायचंच तर जेवणाबरोबर घ्या, घोट घोट करून तासभर पुरवू नका. तुम्ही हे बोललात तर ते तंबाखूच्या नकाराइतकंच लक्षात राहील.

भरावाभोवतीची कीड हा मुलांपेक्षा म्हाताऱ्यांचा प्रश्न जास्त आहे, आणि अभियानांच्या भित्तिपत्रकावर मात्र नेहमी हसरं मूल असतं. साठीच्या पुढे हिरड्या खाली सरकतात, दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर कवच नसतं, त्यामुळे तिथे कीड लागायला कमी आम्लही पुरतं. आमच्याकडच्या बायका मशेरी लावून लावून मुळांशी खाचा पाडून घेतात. त्या खाचा भरल्या की भरावाची खालची कड थेट मुळावर येते. त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी म्हणजे राखणदारच रजेवर. कोरडं तोंड ओलं ठेवायला आजोबा खिशात गोळी ठेवतात, लिमलेटची. वीस वर्षं टिकलेला भराव असा वर्षा-दीड वर्षात कडेने पोखरून निघताना मी पाहिला आहे. अशा माणसाला मधुमेहाचा डॉक्टर दर तीन महिन्यांनी बोलावतो, पण दाढ दाखवायला कुणी बोलावत नाही.

आता सरकारी बाजू. ती अगदीच रिकामी नाही, आणि हे मी खुशमस्करी म्हणून सांगत नाही. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर आपल्या पालघरलाच, फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ज्या आजारांसाठी तपासणी होते त्यांत दातांचे आजार आहेत. पथक शाळेत येतं, अंगणवाडीत येतं, मुलांच्या तोंडात बघतं, चिठ्ठी देतं. चिठ्ठी घेऊन मूल सरकारी दवाखान्यात पोचलं तर दाढ भरलीही जाते. माझं म्हणणं पुढच्या वर्षीच्या तपासणीबद्दल आहे. पुढच्या वर्षी पथक नवी कीड शोधतं. गेल्या वर्षी भरलेली दाढ जागेवर आहे की निम्मी निघून गेली, तिच्या कडेला काळपट मऊपणा आहे का, याची नोंद करायला रकाना हवा. जिथे रकाना नसतो तिथे कुणी बघत नाही, हे सरकारी कागदाचं शास्त्र तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही राज्यसभेत होतात.

सगळ्यात अवघड मामला ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, कोपीत राहतात, हंगाम संपला की जातात. एखाद्या मुलाची दाढ इथे भरली तर ती पुढे कुठल्या जिल्ह्यात, कुणी बघायची? आता सरकार प्रत्येकाला आरोग्याच्या नोंदींसाठी आभा क्रमांक देतं आहे. त्या नोंदीत ताप, लस, रक्तगट जातो, तर ‘खालची उजवी सहावी दाढ, सिमेंट, अमुक तारीख’ एवढी ओळ जायला काय हरकत आहे? केज किंवा पाथर्डीच्या डॉक्टरला ती ओळ दिसली, तर तो दाढ नव्याने कोरायला घेण्याआधी दोन मिनिटं विचार करील.

आणि आषाढी. माउलींची पालखी लोणंद सोडून चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण करते, तरडगावला मुक्काम करते आणि मग फलटणला विमानतळाच्या मैदानावर येते. त्या दिवसांत आम्ही सगळे जण सेवेला असतो. पायाचे फोड, ताप, जुलाब, आणि दातदुखी. दुखरी दाढ काढून देणं हे वारीतलं योग्यच काम, माणसाला पुढे बरडला चालत जायचं असतं. पण काढलेल्या दाढांपैकी कितींत आधीचा भराव असतो हे मोजलं तर मला वाटतं सरकारी अहवालातला ‘भरलेल्या दाढा’चा रकाना जरा ओशाळेल. भराव, कडेला कीड, मोठा भराव, पुन्हा कीड, रूट कॅनाल, कॅप, कॅपच्या कडेला कीड, आणि शेवटी चिमटा. प्रत्येक खेपेला भोक मोठं होतं, कारण जुना भराव काढताना चांगला दातही थोडा जातोच.

म्हणून आमच्या धंद्याविषयीही बोललं पाहिजे. पांढऱ्या भरावाच्या कडेला दिसणारी प्रत्येक तपकिरी रेघ म्हणजे कीड नसते. चहाचा, मशेरीचा डाग असतो, कधी नुसती उथळ खाच असते. आत मऊ लागलं, भोक पडलं, एक्स-रेत सावली दिसली, तर ती कीड. तेव्हाही सगळा भराव उपटण्याऐवजी तेवढाच कोपरा साफ करून दुरुस्त करता येतो. अनेक देशांतली दंतमहाविद्यालयं आता हेच शिकवतात. पण दुरुस्तीचे पैसे कमी मिळतात आणि रुग्णालाही “सगळं नवीन करून टाका” हे ऐकायला बरं वाटतं. रुग्णाने विचारलं पाहिजे: हा डाग आहे की कीड? दुरुस्त होईल का? मला दाखवा. असे प्रश्न विचारणारे रुग्ण आम्हाला आवडत नाहीत, पण आमचं काम त्यांच्यामुळेच सुधारतं.

साहित्याचंही तसंच. सरकारी दवाखान्यात जे ‘सिमेंट’ भरतात, ते ग्लास आयोनोमर. ते लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत १९७० च्या आसपास विल्सन आणि केंट यांनी शोधलं. कॉम्पोझिटइतकं मजबूत नाही, दोन दाढांच्या मधल्या मोठ्या भोकात तुटतं. पण थोड्या ओलाव्यातही दाताला धरतं आणि कडेला फ्लोराइड सोडत राहतं. ड्रिलशिवाय, हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून हेच सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली, ती वीज नसलेल्या गावांसाठी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट, फ्लोराइडची पेस्ट आणि कीड थोपवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड ही तिन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घातली. ‘सरकारी सिमेंट’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे कुणीतरी नावाजलेल्या माणसाने सांगायला हवं आहे. लहान मुलाच्या छोट्या भोकाला ते पुष्कळदा उत्तम.

तर माझ्या मागण्या तुमच्याकडे आणि तुमच्यामार्फत वैद्यकीय शिक्षण व सार्वजनिक आरोग्य या दोन्ही खात्यांकडे आहेत. अभियानाच्या संदेशांत एक वाक्य वाढवा: भरलेली दाढ दुखत नसली तरी वर्षातून एकदा दाखवा. हे वाक्य तुमच्या आवाजात, आकाशवाणीवर, एसटी स्टँडच्या पडद्यावर गेलं पाहिजे. शाळेच्या तपासणीत जुन्या भरावाचा रकाना ठेवा, आणि खात्याने शिबिराचं यश त्या दिवशी किती दाढा भरल्या यावर न मोजता दोन वर्षांनी त्यांतल्या किती शाबूत आहेत यावर मोजावं. आकडा लहान येईल. येऊ दे. उपजिल्हा रुग्णालयात दोन दाढांमधली कीड दाखवणारा छोटा एक्स-रे चालू स्थितीत असावा आणि तो काढणारा माणूसही असावा. यंत्र आणि माणूस एकाच वेळी हजर असणं हीच आमच्याकडची खरी चैन. आणि साठीच्या पुढच्यांसाठी, विशेषतः मधुमेहवाल्यांसाठी, गोळ्या घ्यायला येतात त्याच दिवशी तोंड बघण्याची सोय करा. त्यांना वेगळी खेप घालायला लावली तर ते येणार नाहीत. गिरवी-ताथवड्याकडून एसटीने यायचं म्हणजे त्यांचा अख्खा दिवस जातो.

कळावे. तुम्ही फलटणला आलात तर अभियानाचं व्यासपीठ शाळेत जरूर असू दे, पण तासभर उपजिल्हा रुग्णालयाच्या दातांच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसा. तिथे बसलेल्यांना एवढंच विचारा की दुखणारी दाढ पहिल्यांदा दुखतेय की आधी भरलेली आहे.

आपली,
फलटणमधील एक दंतवैद्य

ता. क. : पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. पेस्टच्या नळीवर बारीक अक्षरांत फ्लोराइड किती ते लिहिलेलं असतं. आपल्या देशात कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे, त्याच्या जवळपासची घ्या. पुष्कळ ‘हर्बल’ पेस्टी आणि दंतमंजनांत फ्लोराइड अजिबात नसतं. रात्री झोपताना ब्रश करून फेस थुंकून टाका, पण नंतर भरभरून चुळा भरू नका, थोडी पेस्ट कडेला राहू द्या. लहान मुलांना वाटाण्याएवढीच, तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ब्रश करताना शेजारी मोठं माणूस उभं पाहिजे.